घेऊन बघणारे खातू

खातूंच्या डोक्यावर केस किती आहेत त्यावरून आमच्या शाखेत कर्जाचा हंगाम ओळखता येतो. केस मानेवर आले असतील तर समजावं, सध्या केटरिंगवाल्यांचे आणि लाँड्रीवाल्यांचे दिवस आहेत. केस बारीक असतील तर टेबलावर सलूनची फाइल आहे. एकदा कामोठे, नवीन पनवेल आणि खारघर अशा तीन ठिकाणच्या सलूनवाल्यांनी एकाच महिन्यात अर्ज केले. पहिल्याकडे खातूंनी 'मिडियम' करून घेतले, दुसऱ्याकडे 'शॉर्ट', आणि तिसऱ्याकडे खुर्चीत बसले तेव्हा कापायला काही उरलंच नव्हतं. पण सेवा घेतल्याशिवाय उठायचं नाही हा त्यांचा बाणा. सोमवारी तुळतुळीत गोटा घेऊन बँकेत हजर. सगळी शाखा उठून उभी राहिली. मी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि हळूच विचारलं, "घरात कुणी...?"

"नाही हो मॅडम. खारघर," खातू म्हणाले. "काय हलका हात आहे त्या माणसाचा! मंजूर."

आमची बँक ही नेहमीची बँक नव्हे, विकास बँक. म्हणजे आमच्याकडे पासबुक भरून मिळत नाही, लॉकर नाही आणि पेन्शनवाल्या आजोबांची गर्दीही नाही. छोट्या धंदेवाल्यांना कर्ज द्यायचं, एवढंच काम. पूर्वी लेथवाले यायचे, छापखानेवाले यायचे. साहेब जायचा, मशीनवर थाप मारायचा, नंबर लिहून घ्यायचा आणि सही करायचा. मग वरून हुकूम आला की आता सेवा क्षेत्राकडे लक्ष द्या. झाली पंचाईत. पार्लर, पाळणाघर, क्लास, डबेवाले, यांच्याकडे जाऊन थाप कशावर मारणार? तिथे असतात दोन खुर्च्या, एक आरसा आणि 'माणसं खूप येतात हो आमच्याकडे' असं सांगणारी मालकीण. बाकीचे अधिकारी आरशाचा फोटो काढून परत यायचे. फोटोत अधिकारीच दिसायचा. खातू म्हणाले, "सेवा बघता येत नाही. घ्यावी लागते. घेऊन बघू."

तेव्हापासून 'घेऊन बघू' हे शब्द ऐकले की मी आधी पाणी पिऊन घेते. कारण खातूंच्या शेजारचं टेबल माझं. मी ठोसर. खातूंनी घेऊन बघितलेलं सगळं कॉम्प्युटरच्या चौकोनांत कोंबून बसवायचं, हे माझं काम. चौकोन असतात वार्षिक उलाढाल, स्पर्धक, बाजारपेठ असले. आणि खातू सांगणार, "लिहा, बाईंचं बोलणं गोड आहे पण टॉवेल ओला होता."

त्यांचे नियम ठरलेले. अर्जदाराला आधी सांगायचं नाही. पैसे आपल्या खिशातून द्यायचे, कारण बँकेच्या पैशाने घेतलेल्या सेवेची चव कळत नाही. आणि एखाद्याने ओळखून "या या साहेब" केलंच तर हात वर करून म्हणायचं, "मी इथे ग्राहक आहे. बँक बाहेर रिक्षात बसलीय." ती खरंच बसलेली असायची. ओळखपत्र आणि बॅग खातू सलीमच्या रिक्षात ठेवून जायचे. सलीम हा त्यांचा कायमचा रिक्षावाला. मागच्या सीटवर बँक घेऊन तो तासन् तास झाडाखाली थांबायचा आणि कुणी "खाली आहे का?" विचारलं तर गंभीरपणे सांगायचा, "नाही, पॅसेंजर आहे."

कामोठ्याच्या एका दहावीच्या क्लासला कर्ज हवं होतं. खातू शेवटच्या बाकावर जाऊन बसले. बीजगणित चालू होतं. त्यांनी शेजारच्याला "हा सर रोज असंच समजावतो का?" असं विचारलं, तर सरांनी खडू फेकून मारला आणि त्यांना वर्गाबाहेर काढलं. आपण साठीला टेकलेल्या सरकारी अधिकाऱ्याला हाकललं हे त्या बिचाऱ्याला संध्याकाळी कळलं आणि त्याची पाचावर धारण बसली. खातूंनी मला सांगितलं, "लिहा, शिस्त उत्तम. मंजूर." खारघरच्या पाळणाघरात ते पोरांबरोबर वरणभात जेवले आणि पोरं झोपली तेव्हा सतरंजीवर आडवे झाले. त्या झोपेचं कौतुक त्यांनी आठवडाभर सांगितलं. आणि नववधूच्या मेंदीचं काम करणाऱ्या बाईंच्या वेळी तर मोठ्या साहेबांची मीटिंग होती आणि खातू कोपरापर्यंत मोर काढून आले. साहेबांनी कपाळाला आठ्या घालून विचारलं, "व्हॉट इज धिस?" खातू म्हणाले, "टिकाऊपणा बघतोय सर." मी विचारलं, "रंग फारच चढलाय. सासरी कोण आहे म्हणायचं?" सगळे हसले. खातूही हसले, जरा उशिराने.

लग्न त्यांनी केलं नव्हतं. आई होती, ती जाऊन बरीच वर्षं झाली. भावंडं नाहीत. नवीन पनवेलला वसाहतीच्या तिसऱ्या मजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर. घरी कोण असतं असं विचारलं तर "मी असतो" म्हणायचे. जेवणाच्या सुट्टीत त्यांचा डबा उघडला की तो कुठल्यातरी अर्जदाराचाच निघायचा. मी जास्त विचारायला गेले नाही. आपल्याकडे माणसाला एकदा 'विक्षिप्त' म्हटलं की त्याची चौकशी करण्याची जबाबदारी संपते.

खातू निवृत्तीला आले होते, हातातल्या फाइली संपवत होते, तेव्हा आमच्याकडे हरेश्वर म्हात्रे आला.

हरेश्वर गाढी नदीच्या काठच्या गावातला. पांढरा शर्ट, गळ्यात माळ, हातात प्लास्टिकची पिशवी. धंदा अंत्यविधीचा. स्मशानाच्या रस्त्याला त्याचं दुकान. बांबू, कापड, मडकं, हार, गोवऱ्या, भटजी, स्मशानाचा पास, सगळं तो बघायचा. फोन करा, पुढचं आमच्यावर. बायको हार करायची, मेव्हणा गाडी चालवायचा. गाडीचीच अडचण होती. त्याची शववाहिनी इतकी म्हातारी झाली होती की मागच्या महिन्यात उरण नाक्यावर बंद पडली आणि मयताच्या नातेवाइकांना खाली उतरून धक्का मारावा लागला. त्यातले एक काका तिथेच म्हणाले, "आयुष्यभर यालाच ढकलत आलो." तेव्हापासून हरेश्वरला तोंड दाखवायला जागा नव्हती. खारघरच्या टॉवरवाल्यांकडे आता मुंबईची एसीवाली गाडी यायला लागली होती. नवीन गाडी आली नाही तर दिवाळीपर्यंत दुकानाला कुलूप, हे तो स्वतःच सांगत होता. गाडीवाल्याला आगाऊ रक्कमही देऊन बसला होता, बायकोच्या पाटल्या मोडून. महिनाअखेरपर्यंत मंजुरी मिळाली नाही तर ती बुडणार होती.

त्याला कर्ज कुणी देत नव्हतं. धंदा वाईट म्हणून नव्हे, भीतीपोटी. एका ठिकाणी म्हणे त्याला दाराबाहेर उभं केलं आणि तो गेल्यावर पायरी धुतली. आमच्याकडे निदान खुर्ची मिळाली. आमचा मॅनेजर म्हणजे माझ्या भाच्याच्या वयाचा पोरगा, टाय घालणारा. त्याने खुर्ची दोन हात मागे सरकवून मुलाखत सुरू केली.

"येत्या पाच वर्षांत तुमच्या धंद्यात किती वाढ अपेक्षित आहे?"

हरेश्वर बिचारा घुटमळला. म्हणाला, "साहेब, ह्ये मी कसा बोलू? तुमी पन पनवेललाच रातात ना?"

मॅनेजर पाणी प्यायला. पुढचा चौकोन होता, 'ग्राहक पुन्हा येण्याची शक्यता'. हा चौकोन मोकळा सोडला तर कॉम्प्युटर पुढे सरकत नाही. मी शून्य टाकलं. कॉम्प्युटर म्हणाला, 'व्यवसायाची व्यवहार्यता पुन्हा तपासा.' मॅनेजरला हेच हवं होतं. तो फाइल बंद करून म्हणाला, "हे आपण खातूंच्या जागी जे नवीन साहेब येतील त्यांच्याकडे देऊ." म्हणजे महिना उलटणार. हरेश्वरने पिशवी उचलली. बाहेर जाताना दारावरची 'धन्यवाद, पुन्हा भेट द्या' ही पाटी वाचून तो क्षणभर थांबला. असली पाटी त्याला कधीच लावता येणार नाही हे त्याच्या मनात आलं असेल.

तेवढ्यात खातू आपल्या टेबलावरून म्हणाले, "फाइल इकडे द्या."

सगळ्या शाखेची करमणूक झाली. आता कसे घेऊन बघणार? दोन दिवस लोकांनी खातूंना इतकं पिडलं की विचारू नका. कुणी म्हणे, "काका, अहवाल कोण लिहिणार मग?" कुणी म्हणे, "तेराव्याला शाखा बंद ठेवू." खातू फाइल वाचत राहिले. शुक्रवारी माझ्या टेबलाशी वाकून म्हणाले, "मॅडम, उद्या सुट्टी आहे ना? सकाळी माझ्याकडे या. मी मरणार आहे. तुम्ही फोन करायचा."

"मी का?"

"मेलेला माणूस स्वतः फोन करतो का? पद्धत नीट पाळायला हवी."

मी कपाळाला हात लावला. पण गेले. सकाळी निघताना नवऱ्याने विचारलं, "सुट्टीच्या दिवशी कुठे?" म्हटलं, "खातू मरणार आहेत. दुपारी जेवायला येते." त्यांनी पेपरमधून डोकं बाहेर काढलं नाही. खातूंची त्यांना माझ्या तोंडून सवय आहे.

सलीमच्याच रिक्षाने गेले. त्याला काही सांगितलं नाही. खातूंनी घर झाडून ठेवलं होतं. पांढरा धुतलेला सदरा घातला होता. मोबाइलवर होकायंत्र लावून त्यांनी दक्षिण शोधली, तिकडे पाय केले आणि जमिनीवर चटईवर झोपले. मग पुन्हा उठून गॅस बंद आहे ना बघून आले. "हसायचं नाही हं मॅडम," म्हणाले आणि डोळे मिटले.

मी फोन लावला. "हरेश्वरभाऊ, लवकर या. खातू साहेब गेले."

"कंचे? बँकवाले?" पलीकडे काहीतरी खाली पडलं. मग आवाज आला, "अरे द्येवा! माज्या कर्जाचा काय मंग?"

चटईवर खातूंचं पोट हसण्याने गदगद हललं. मी पत्ता सांगून फोन ठेवला आणि त्यांना पायाने हळूच डिवचलं.

हरेश्वर लवकर आला हे कबूल केलं पाहिजे. गाडी खाली कण्हत थांबली तेव्हा वसाहतीतल्या खिडक्या भराभर बंद झाल्या. तो मडकं आणि पिशवी घेऊन जिने चढून वर आला, धापा टाकत. दारात चप्पल काढली. खातूंकडे बघितलं आणि त्यांच्या पायांशी डोकं टेकवलं. उठला तेव्हा पहिलं वाक्य बोलला ते मला उद्देशून.

"मॅडम, मगाशी फोनवर मी कर्जाचा बोल्लो. त्ये इसरा. मानसापुडं कर्ज काय मोठा हाय? एकट्यानी माजी फाइल हातात घेतली होती, बाकी सगल्यांनी हात झटकले."

मी मान हलवली. मला वाटलं होतं फार मजा येईल. ती येईनाशी झाली.

"डागदराचा दाखला?"

"येतोय," मी थाप मारली. खातूंच्या पायाचा अंगठा हलला. दाखल्याचा मुद्दा राहिला होता, ते त्यांच्या लक्षात आलं असणार.

हरेश्वरने पिशवीतून बुक्का काढून खातूंच्या कपाळाला लावला, हार घातला, तुळशीचं पान ओठांवर ठेवलं. हात अगदी सवयीचे, पण घाई नाही. आईने झोपलेल्या पोराच्या अंगावर पांघरूण सारखं करावं तसं त्याने सदऱ्याचं टोक सरळ केलं. मग इकडेतिकडे बघितलं. भिंतीवर आईचा फोटो, कोपऱ्यात एकच खुर्ची, दोरीवर एकच टॉवेल.

"मान्सा कवा येतील?"

"कोण माणसं?"

"साहेबांचा कोन हाय? पोरगा, पुतन्या, भाचा?"

"कुणी नाही हो," मी म्हणाले. हे ठरलेल्या बोलण्यात नव्हतं, पण खरं होतं.

हरेश्वरने बुक्क्याची पुडी बांधली. मग मडकं जवळ ओढलं आणि म्हणाला, "मंग मटका मी धरतो. मी हाय त्यांचा पोरगा म्हना. खांद्याला मेव्हना हाय एक." तो गॅलरीत गेला आणि खाली ओरडला, "ओ रिक्षावाले! साहेबांना खांदा देशील काय?"

सलीम वर आला तो अनवाणीच. दारातच भिंतीला धरून उभा राहिला. "या अल्लाह! काल संध्याकाळी तर चहा पाजला मला. बोलले, सोमवारी कामोठ्याला जायचंय." त्याने माझ्याकडे बघितलं आणि मी नजर चुकवली. तो म्हणाला, "देतो ना. का नाही देणार? बँक पण खालीच आहे, काल उतरवायची राहिली."

"दोन झाले," हरेश्वर मोजत होता. "वॉचमन तीन. चवथा?"

"मी," मी म्हणाले.

"बायामान्सा खांदा देत नाय मॅडम."

"देतात आता. मी देणार."

खरं सांगते, हे मी नाटकातलं वाक्य म्हणून बोलायला गेले होते. तोंडातून निघालं तेव्हा ते नाटकातलं राहिलं नव्हतं. समोरचा माणूस ठणठणीत जिवंत आहे, मघाशी गॅस तपासून आला आहे, हे मला ठाऊक होतं. तरी मी खांद्यावरची पर्स काढून खाली ठेवली. शेजारच्या टेबलावर इतकी वर्षं बसलेल्या माणसाला चार खांदे मोजून गोळा करावे लागतात, हे मला त्या खोलीत कळलं.

हरेश्वर पुन्हा खातूंच्या उशाशी बसला. नाकात घालायला कापूस काढला. मग वाकून त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून बघायला लागला. डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाण्याचा थेंब निघाला होता आणि कानाकडे चालला होता. मागून दुसरा.

"मॅडम," हरेश्वर हळू आवाजात म्हणाला, "मी लय मयता बगितली. पन साहेब रडतात."

"माफ करा," खातू डोळे मिटूनच म्हणाले. ओठांवरचं तुळशीचं पान उडालं. "चालू द्या तुमचं."

हरेश्वर जो मागे उडाला तो थेट मडक्यावर. मडक्याचे तुकडे खोलीभर. सलीमने कुणाकुणाचं नाव घेतलं ते त्याचं त्यालाच ठाऊक. वॉचमन बोलावणं येईल म्हणून जिन्यात उभा होता, तो आवाज ऐकून खाली पळाला. शेजारणीने दार उघडलं, हार घातलेले खातू उठून बसलेले बघितले आणि दार लावून घेतलं.

मग हरेश्वर चिडला. चिडायलाच हवं होतं. "साहेब, अशी मस्करी करतात काय? मेल्याची मस्करी? घरशी निंगताना बायकोला बोल्लो, आपला कर्ज गेला. रस्त्यात माजी मनाच लाज वाटली. मानूस मेला नि मी गाडीचा रडतो! आनि तुमी इथं आरामात पडलेत!" बोलता बोलता तो खाली बसला आणि गमछा तोंडाला लावून रडायला लागला. मोठा माणूस असा रडताना बघवत नाही.

खातूंनी हार काढून ठेवला. कपाळाला बुक्का तसाच. ते आत गेले आणि चहाचं आधण ठेवलं. घरात कप दोनच होते. एक हरेश्वरला दिला, एक सलीमला. मला स्टीलच्या पेल्यात आणि स्वतःला वाटीत. मेलेल्या माणसाने केलेला चहा आम्ही चौघं जमिनीवर बसून प्यालो. आलं छान घातलं होतं.

"हरेश्वरभाऊ," खातूंनी वाटीकडे बघत विचारलं, "ते मडकं धरायचं म्हणालात. ते तुमच्या पॅकेजमध्ये असतं का? म्हणजे सगळ्यांसाठी?"

"प्याकेज?" हरेश्वरचा राग अजून पुरता गेला नव्हता. "त्ये प्याकेजमदी कसा असल, साहेब? मटका पोरगा धरतो. तुमचा कोन नाय, म्हनून बोल्लो."

"आता मी मेलेलो नाही. मग ते बोललेलं राहतं का?"

हरेश्वरने चहा खाली ठेवला. त्याने खातूंकडे नीट बघितलं, धंद्याच्या नजरेने नव्हे. "ऱ्हातो की," तो म्हणाला. "पन हा मटका फुटला. आता नवीन आनीपर्यंत तुमाला जाता यायचा नाय."

खातू हसले. या वेळी उशीर न लावता.

मी निघाले तेव्हा ते जिन्यापर्यंत आले. म्हणाले, "मॅडम, तो चौथा खांदा. तुमची उंची कमी पडेल हो. एका बाजूला कलंडेल सगळं."

"उंच टाचांच्या चपला घालून येईन," मी म्हणाले. खाली येईपर्यंत मला समोरच्या पायऱ्या नीट दिसत नव्हत्या. त्या दिवशी जेवायला बसले आणि नवऱ्याने विचारलं, "मेले का खातू?" तर त्यांच्यावर उगाचच ओरडले.

सोमवारी मॅनेजरने फाइल उघडली. बाकी चौकोन खातूंनी भरून आणले होते. प्रतिसादाचा वेळ, स्वच्छता, वागणूक, सगळं चोख. डॉक्टरच्या दाखल्याशिवाय पुढे जायचं नाही, अशी एक सूचनाही होती. "पण हे बघा," मॅनेजर विजयी सुरात म्हणाला, "'ग्राहक पुन्हा येण्याची शक्यता'. इथे काय लिहायचं? कोण येणार पुन्हा?"

"मी," खातू म्हणाले. "घाई नाही. पण येईन. दुसरीकडे जाणार नाही."

मॅनेजर हसायला लागला. मग माझ्याकडे बघून थांबला. मी 'होय' असं टाइप केलं आणि कॉम्प्युटरने ते मुकाट्याने घेतलं. महिना संपायच्या आत हरेश्वरची गाडी आली. त्याच महिन्याच्या शेवटच्या दिवशी खातू निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात ते एवढंच म्हणाले की सामोसे ज्या केटरिंगवाल्याचे आहेत त्याच्या फाइलवर सही करण्याआधी कुणीतरी दुसऱ्यांदा खाऊन बघा.

आता त्यांच्या वसाहतीत एक नवीनच त्रास सुरू झालाय. दर रविवारी सकाळी तिसऱ्या मजल्याखाली एक पांढरीशुभ्र शववाहिनी येऊन उभी राहते. पहिल्या आठवड्यात तर दोन शेजारी नारळ घेऊन धावत आले होते. खातू इस्त्रीचा शर्ट घालून खाली उतरतात. हरेश्वरच्या घरी रविवारी जिताडा माशाचं कालवण असतं आणि बायकोने बजावलेलं असतं की बँकवाल्या साहेबांना आणल्याशिवाय येऊ नका. कधीकधी मीही खाली उभी असते, मलाही बोलावणं असतं. सलीम रिक्षा घेऊन मागून येतो.

हरेश्वर दार उघडून धरतो आणि दर वेळी तेच विचारतो, "साहेब, कुटं बसता?"

"पुढे," खातू म्हणतात, आणि त्याच्या शेजारी बसून पट्टा लावतात.